सोयाबीनमध्ये तूर, हरभऱ्यात करडई: आंतरपिकाला खत कोणते आणि किती? निफाडच्या काळ्या रानाचा हिशेब

निफाड म्हटले की द्राक्षबागा, लासलगावचा कांदा आणि हिवाळ्यात घसरणारा पारा आठवतो. गव्हाच्या अनेक वाणांच्या नावापुढे लागणारे 'एनआयएडब्ल्यू' ही अक्षरेही निफाडचीच. कुंदेवाडी येथील कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले हे वाण आहेत. पण खरिपात याच तालुक्यातल्या काळ्या रानांवर मोठ्या प्रमाणात सोयाबीन असते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते आणि मागून त्याच रानात गहू, हरभरा किंवा उन्हाळ कांदा येतो.

या पद्धतीत खरिपाची सारी भिस्त एकाच पिकावर राहते. काढणीच्या वेळी पाऊस आला किंवा बाजारभाव पडला, तर हंगाम हातचा जातो. २०२४-२५ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात अनेक बाजार समित्यांमध्ये त्यापेक्षा कमी भावाने सोयाबीन विकले गेले. म्हणूनच तेलबियांच्या जोडीला कडधान्य घेण्याचा जुना मार्ग पुन्हा चर्चेत आला आहे. मात्र दोन पिके एका रानात आली की पहिला प्रश्न खताचा येतो. कोणाच्या मापाने खत द्यायचे? रासायनिक द्यायचे की शेणखत? आणि कडधान्य 'स्वतःच नत्र तयार करते', तर खत द्यायचेच कशाला?

आंतरपीक आणि मिश्रपीक यांत फरक काय?

दोन पिकांचे बी एकत्र मिसळून फेकले किंवा पेरले, तर ते मिश्रपीक. ठरावीक ओळींच्या प्रमाणात दोन पिके स्वतंत्र ओळींत पेरली, तर ते आंतरपीक. बाजरीत तुरीची ओळ टाकण्याची पद्धत नाशिक, नगर आणि खानदेशात फार जुनी आहे. अशा ओळीला काही भागांत 'इरवड' म्हणतात.

आंतरपिकात ओळींचे प्रमाण ३:१, ४:२ असे सांगतात. सोयाबीन आणि तूर ३:१ म्हणजे सोयाबीनच्या तीन ओळींनंतर तुरीची एक ओळ. चार फणी पाभरीने पेरायचे तर तीन नळ्यांत सोयाबीन आणि एका नळीत तूर, इतके ते सोपे आहे. सहा फणांचे ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र असेल तर ४:२ सोयीचे पडते. ओळी वेगळ्या असल्यामुळे कोळपणी, फवारणी आणि काढणी वेगवेगळी करता येते. खतही ओळीप्रमाणे वेगळे देता येते, आणि खताच्या हिशेबात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

ही जोडी जमते कशी?

सोयाबीन साधारण शंभर दिवसांचे, उथळ मुळांचे आणि लवकर वाढणारे पीक आहे. तूर सुरुवातीचे दोन महिने फार हळू वाढते. तिची मुळे खोल जातात आणि तिचा खरा जोर सोयाबीन निघाल्यानंतर दिसतो. त्यामुळे दोन्ही पिकांची पाण्याची आणि अन्नाची मोठी गरज एकाच वेळी येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रान सोयाबीनचे असते आणि ऑक्टोबरनंतर तुरीचे.

रब्बीत हरभरा आणि करडई यांची जोडी अशीच जमते. करडईचे सोटमूळ दीड-दोन मीटर खोल जाऊन खालच्या थरातली ओल उचलते. हरभरा मुख्यतः वरच्या थरातल्या ओलीवर वाढतो. पालखेड कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या, येवला आणि सिन्नरच्या बाजूच्या कोरडवाहू रानांना ही जोडी अधिक मानवणारी आहे. यासाठी हरभऱ्याच्या सहा आणि करडईच्या तीन ओळी, म्हणजे ६:३ असे प्रमाण सांगितले जाते. काट्यांमुळे करडईच्या काढणीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे. त्यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' हा बिनकाट्यांचा वाण काढला आहे.

तेलबिया कोणत्या, कडधान्ये कोणती?

इथे एक गोंधळ नेहमी होतो. बाजारात सोयाबीन आणि भुईमूग यांची गणना तेलबियांत, म्हणजे गळीत धान्यांत होते. पण वनस्पतिशास्त्राप्रमाणे दोन्ही शेंगावर्गीय पिके आहेत. त्यांच्या मुळांवर तुरीसारख्याच गाठी येतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. करडई, सूर्यफूल, तीळ, जवस आणि कारळा (खुरासणी) ही मात्र निव्वळ तेलबिया पिके आहेत. त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. त्यांना लागणारा सगळा नत्र जमिनीतून किंवा खतातूनच मिळावा लागतो.

म्हणून खताच्या दृष्टीने जोड्यांचे दोन प्रकार पडतात.

पहिला प्रकार: दोन्ही पिके शेंगावर्गीय. उदाहरणार्थ सोयाबीन आणि तूर. दोघांनाही नत्र थोडा आणि स्फुरद जास्त लागतो. गरजा मिळत्याजुळत्या असल्याने एकच खतमात्रा चालते.

दुसरा प्रकार: एक निव्वळ तेलबिया आणि एक शेंगावर्गीय. उदाहरणार्थ करडई आणि हरभरा, किंवा सूर्यफूल आणि तूर. इथे गरजा उलट आहेत. कोरडवाहू करडईला हेक्टरी साधारण ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद लागतो. हरभऱ्याला २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद लागतो. सगळ्या रानात एकच खत पसरले, तर एका पिकाची उपासमार होते आणि दुसऱ्याला नको ते मिळते. अशा वेळी ओळीनुसार खत देणे हाच मार्ग उरतो.

हवेतला नत्र पिकाला मिळतो कसा?

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे, पण कोणतेही पीक तो थेट घेऊ शकत नाही. शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू तो पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. गाठींतले हे जिवाणू १८८८ मध्ये नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी प्रथम वेगळे करून दाखवले.

हे काम फुकट होत नाही. जिवाणूंना साखर पीक पुरवते आणि गाठी वाढायला स्फुरद लागतो. म्हणूनच कडधान्यांना स्फुरद जास्त सांगितलेला असतो. जमिनीत तयार नत्र भरपूर असेल, तर पीक गाठींवर खर्च करत नाही. सोयाबीनला एकरी गोणीभर युरिया टाकला की पीक हिरवेगार दिसते, पण गाठी कमी येतात, झाड पालेदार होते आणि शेंगांचा हिशेब बिघडतो.

गाठी काम करतात की नाही, हे घरबसल्या तपासता येते. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी दोन-तीन झाडे मातीच्या ढेकळासह हळूच उपटावीत, मुळे पाण्यात धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला, तर गाठ कामाला लागलेली आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या एका द्रव्याचा असतो. आतून पांढरी, हिरवट किंवा तपकिरी निघाली, तर गाठ निकामी आहे.

'कडधान्यामुळे शेजारच्या पिकालाही नत्र मिळतो', असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण थोडे. हंगाम चालू असताना एका पिकाच्या मुळातून दुसऱ्याला थेट जाणारा नत्र फार नसतो. खरा फायदा दोन मार्गांनी होतो. एक, कडधान्य आपली बरीच गरज हवेतून भागवते आणि जमिनीतला नत्र शेजाऱ्यासाठी शिल्लक राहतो. दोन, गळालेला पाला आणि मुळे कुजून पुढच्या पिकाला नत्र मिळतो. या बाबतीत तूर उजवी आहे, कारण ती शेतात भरपूर पाला गाळते. सोयाबीनच्या दाण्यांत सुमारे ४० टक्के प्रथिने असल्याने बराच नत्र पोत्यांबरोबर बाजारात जातो. वर भुसकटही शेताबाहेर गेले, तर जमिनीच्या पदरात फारसे काही पडत नाही.

एकरी हिशेब: तेच अन्न, वेगवेगळी खते

सोयाबीनच्या खतमात्रेचे आकडे विद्यापीठानुसार थोडे बदलतात. हिशेब समजण्यासाठी इथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची मात्रा घेतली आहे. ती हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. तुरीची नत्र-स्फुरदाची गरज (२५:५०) याच्या जवळपासच असल्याने सोयाबीन-तुरीच्या जोडीला हीच मात्रा चालते. एकरी ती १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश आणि ८ किलो गंधक इतकी होते.

हेच अन्न दुकानातल्या वेगवेगळ्या गोण्यांतून असे मिळते:

– डीएपीचा मार्ग: डीएपी ५२ किलो, युरिया ६ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. नत्र, स्फुरद, पालाश भागतात, पण गंधक शून्य. त्यासाठी ९० टक्के गंधकाचे दाणेदार खत सुमारे ९ किलो वेगळे घ्यावे लागते.

– सिंगल सुपर फॉस्फेटचा मार्ग: सुपर फॉस्फेट १५० किलो (तीन गोण्या), युरिया २६ किलो, पोटॅश २० किलो. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक असते. त्यामुळे साडेसोळा किलो गंधक आपोआप मिळते आणि वेगळे काही घ्यावे लागत नाही. शिवाय कॅल्शियमही मिळते.

– १०:२६:२६ चा मार्ग: हे खत ९२ किलो आणि युरिया ६ किलो. स्फुरद भागतो, पण पालाश २४ किलो, म्हणजे गरजेच्या दुप्पट पडतो. गंधक नाही. काळ्या जमिनीत पालाश मुळातच बऱ्यापैकी असतो, त्यामुळे इथे पैसे वाया जाण्याची शक्यता असते.

– फक्त शेणखताचा मार्ग: शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का आणि स्फुरद पाव टक्का धरला, तर १२ किलो नत्रासाठी सुमारे २.४ टन शेणखत पुरते. २४ किलो स्फुरदासाठी मात्र साडेनऊ टनांहून अधिक लागते, तेही एका एकराला. त्यातला सगळा स्फुरद पहिल्याच हंगामात पिकाला लागू होत नाही.

तेलबियांच्या बाबतीत गंधक हा दुय्यम प्रश्न नाही. गंधकाशिवाय पिकाला काही महत्त्वाची प्रथिने तयार करता येत नाहीत आणि दाण्यातल्या तेलाचे प्रमाणही त्यावर अवलंबून असते. वर्षानुवर्षे फक्त डीएपी आणि युरिया वापरलेल्या रानात गंधक कमी पडत जाते. जूनमध्ये डीएपीसाठी रांगा लागतात, तेव्हा तीन गोण्या सुपर फॉस्फेट आणि थोडा युरिया हा तेलबियांसाठी डीएपीच्या तोडीचा, गंधकामुळे काही वेळा सरस पर्याय असतो. गोण्या जास्त वाहाव्या लागतात, एवढीच त्याची अडचण आहे.

रासायनिक, सेंद्रिय की दोन्ही?

कृषी विद्यापीठांच्या प्रयोगांत या प्रश्नाची मांडणी ठरलेली असते. काही वाफ्यांना पूर्ण शिफारशीत रासायनिक खत, काहींना तीन चतुर्थांश रासायनिक आणि उरलेला नत्र शेणखत किंवा गांडूळखतातून, काहींना निम्मे-निम्मे, काहींना फक्त सेंद्रिय आणि काहींना काहीच नाही. हे सगळे एकट्या पिकात आणि आंतरपिकातही, तीन-चार वेळा पुनरावृत्ती करून पाहतात. काळ्या जमिनीतला दीर्घकालीन अनुभव तपासण्यासाठी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू पीकपद्धतीवर कायमस्वरूपी खत प्रयोग चालू आहे. परभणीला असाच प्रयोग सोयाबीन-करडई या तेलबियांच्या जोडीवर चालतो.

अशा दीर्घकालीन प्रयोगांतून वारंवार पुढे आलेली गोष्ट एकच आहे. नत्र-स्फुरद-पालाश यांच्या जोडीला शेणखत असलेले वाफे उत्पादनात आणि जमिनीच्या सेंद्रिय कर्बात पुढे राहतात. फक्त नत्र दिलेले वाफे काही वर्षांत मागे पडतात.

याची कारणे तीन आहेत. शेणखत सावकाश कुजते, त्यामुळे त्यातले अन्न हंगामभर थोडे थोडे सुटत राहते. रासायनिक खतातले अन्न मात्र लगेच मिळते आणि रोपांच्या पहिल्या महिन्याची गरज भागवते. शिवाय शेणखतामुळे काळ्या जमिनीत हवा खेळती राहते, आणि गाठींतल्या जिवाणूंना हवा लागतेच. तिसरे म्हणजे शेणखतातून जस्त, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्येही येतात. चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीत त्यांचीच कमतरता जास्त जाणवते.

केवळ सेंद्रिय पद्धतीकडे एकदम वळलेल्या रानात पहिली काही वर्षे उत्पादन घटू शकते, विशेषतः करडई किंवा सूर्यफुलासारख्या नत्र मागणाऱ्या पिकाचे. सोयाबीन-तुरीच्या जोडीला हा फटका तुलनेने कमी बसतो, कारण नत्राची बरीच गरज गाठी भागवतात आणि अडचण मुख्यतः स्फुरदाची राहते. म्हणून बहुतेक शेतकऱ्यांना परवडणारा मार्ग मिश्र आहे. एकरी दोन टन चांगले कुजलेले शेणखत शेवटच्या कुळवाच्या पाळीपूर्वी आणि माती परीक्षणानुसार रासायनिक खत पेरणीबरोबर. कच्चे शेणखत टाळलेलेच बरे, कारण त्यातून हुमणी आणि तणांचे बी रानात येते.

जिवाणू खत: सर्वांत स्वस्त, पण सर्वांत जास्त चुका

जिवाणू खताचा खर्च खताच्या गोणीच्या मानाने किरकोळ असतो. तरीही ते अनेकदा निरुपयोगी ठरते, कारण वापरण्याच्या पद्धतीत चुका होतात.

पहिली चूक पाकिटाची. प्रत्येक पिकाचा जिवाणू वेगळा असतो. सोयाबीनचा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा आणि तुरीचा वेगळा. सोयाबीनचे पाकीट तुरीला लावून उपयोग नाही. आंतरपीक घेताना दोन पिकांसाठी दोन पाकिटे घ्यावी लागतात. करडई आणि सूर्यफुलाला रायझोबियमचा उपयोग नाही, त्यांना ॲझोटोबॅक्टर लावतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) मात्र सगळ्यांना चालतात.

दुसरी चूक क्रमाची. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लावायचे असेल तर ते, आणि सर्वांत शेवटी जिवाणू खत. भुकटी असेल तर १० ते १२ किलो बियाण्याला २५० ग्रॅम असे माप असते. लावल्यावर बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. उन्हात ठेवलेले पाकीट किंवा मुदत संपलेली बाटली वापरली, तर त्यात जिवंत जिवाणू फारसे उरलेले नसतात.

काळ्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद अडकतो

निफाडच्या काळ्या जमिनींत अनेक ठिकाणी चुनखडीचा अंश असतो. अशा जमिनीत दिलेला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि पिकाला हळूहळूच मिळतो. म्हणून स्फुरदाचे खत वर फेकण्यापेक्षा बियाण्याच्या खाली किंवा बाजूला दोन बोटे अंतरावर पेरून देणे फायद्याचे असते. खत आणि बी वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारे पेरणी यंत्र त्यासाठीच असते. खत थेट बियाण्याला लागले तर उगवण बिघडते. फेकलेला स्फुरद वरच्या मातीत पडून राहतो, कारण तो पाण्याबरोबर खाली फारसा जात नाही.

इथे कडधान्ये स्वतःही मदत करतात. हरभऱ्याची मुळे सायट्रिक आणि मॅलिक ही सेंद्रिय आम्ले सोडतात. त्यामुळे कॅल्शियमशी बांधलेला स्फुरद काही प्रमाणात मोकळा होतो. तुरीची मुळे लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा करतात, असे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत १९९० च्या सुमारास दाखवले गेले. तो गुण तांबड्या जमिनीत अधिक उपयोगी पडतो.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. ज्या रानात वर्षानुवर्षे कांदा, टोमॅटो किंवा द्राक्ष घेऊन भरपूर संयुक्त खते टाकलेली आहेत, तिथे स्फुरद आधीच साचलेला असू शकतो. अशा रानात सोयाबीन-तुरीला पूर्ण मात्रा देणे म्हणजे पैसे मातीत घालणे. हे डोळ्यांना दिसत नाही, माती परीक्षणातच कळते. पेरणीच्या तोंडावर प्रयोगशाळांत गर्दी होते, म्हणून नमुना एप्रिल-मे महिन्यात द्यावा.

भुईमुगाचा वेगळा नियम

उन्हाळी भुईमुगात सूर्यफुलाच्या ओळी घेताना आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कॅल्शियम. भुईमुगाची शेंग जमिनीखाली वाढते आणि दाण्याला लागणारे कॅल्शियम ती मुळांकडून न घेता भोवतालच्या मातीतून थेट शोषते. ते कमी पडले तर शेंगा पोचट राहतात. म्हणून हेक्टरी ४०० किलो जिप्सम सांगितले जाते. निम्मे पेरणीच्या वेळी आणि निम्मे आऱ्या सुटताना द्यायचे असते. ते फक्त भुईमुगाच्या ओळींजवळ पडले पाहिजे. जादा नत्र हवा असतो तो सूर्यफुलाच्या ओळींना. भुईमुगाच्या ओळींत युरिया पडला, तर वेल माजतो आणि शेंगा कमी लागतात.

फायदा झाला की नाही, हे मोजायचे कसे?

एकट्या सोयाबीनपेक्षा आंतरपिकातले सोयाबीन नेहमीच कमी येते, कारण त्याच्या ओळीच कमी असतात. त्यामुळे पोत्यांची थेट तुलना फसवी ठरते. यासाठी 'समतुल्य क्षेत्र गुणोत्तर' वापरतात. ही कल्पना रॉजर मीड आणि आर. डब्ल्यू. विली यांनी १९८० मध्ये सविस्तर मांडली. प्रत्येक पिकाच्या आंतरपिकातल्या उत्पादनाला त्याच्या एकट्याच्या उत्पादनाने भागायचे आणि दोन्ही उत्तरे मिळवायची.

समजा, एका एकरात एकटे सोयाबीन ८ क्विंटल आणि एकटी तूर ६ क्विंटल येते. आंतरपिकात सोयाबीन ६ आणि तूर अडीच क्विंटल आली. तर ६ भागिले ८ म्हणजे ०.७५, आणि २.५ भागिले ६ म्हणजे ०.४२. बेरीज १.१७. याचा अर्थ, आंतरपिकाच्या एका एकरातून आले तितके पीक वेगवेगळे घ्यायला १.१७ एकर लागले असते. बेरीज १ पेक्षा कमी आली, तर जोडी जमली नाही असे समजायचे.

हेच पैशांत पाहू. २०२४-२५ च्या हमीभावाने सोयाबीन ४,८९२ आणि तूर ७,५५० रुपये क्विंटल धरली, तर एकट्या सोयाबीनचे ३९,१३६ रुपये होतात. आंतरपिकाचे ४८,२२७ रुपये होतात. काढणीच्या पावसात निम्मे सोयाबीन गेले, तर एकट्या सोयाबीनचे १९,५६८ रुपये उरतात. आंतरपिकात सोयाबीनचे नुकसान होऊनही तुरीसह ३३,५५१ रुपये हातात राहतात. आंतरपिकाचे खरे मोल अशा वाईट वर्षात कळते. हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या रानाचे आणि त्या वर्षीच्या भावाचे आकडे घालून पाहावेत.

मग निफाडमध्ये सगळेच आंतरपीक का घेत नाहीत?

कारण कांदा. पाणी असलेल्या शेतकऱ्याला सोयाबीन निघताच रान मोकळे हवे असते. १८० दिवसांची तूर जानेवारीपर्यंत उभी राहिली, तर कांद्याची लागवड खोळंबते. तुरीच्या उत्पन्नापेक्षा कांद्याच्या उत्पन्नाची आशा मोठी असते, मग तो अंदाज नंतर चुकला तरी.

यावर उपाय लवकर येणाऱ्या वाणांचा आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूर संशोधन केंद्राचा 'बीडीएन-७११' हा वाण सुमारे १५० ते १५५ दिवसांत येतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरला तर तो नोव्हेंबरअखेर निघतो आणि डिसेंबर-जानेवारीतल्या उन्हाळ कांद्याला रान मिळते. गहू किंवा हरभरा वेळेवर पेरायचा असेल, तर मात्र हे गणित बसत नाही. तिथे एकटे सोयाबीन घेऊन तूर बांधाकडेच्या पट्ट्यात घेणे बरे.

तणनाशकाची अडचणही खरी आहे. एका पिकाला चालणारे तणनाशक दुसऱ्याला मारू शकते. म्हणून लेबलवर दोन्ही पिकांची नावे आहेत का, हे पाहूनच ते वापरावे. नाहीतर कोळपणी आणि खुरपणीवर भर द्यावा लागतो.

आणखी एक बाब कागदाची. ई-पीक पाहणी ॲपमध्ये आंतरपिकाची नोंद 'मिश्र पीक' म्हणून दोन्ही पिकांच्या क्षेत्रासह करावी लागते. फक्त सोयाबीन नोंदवले, तर सातबाऱ्यावर तूर दिसत नाही आणि हमीभाव केंद्रावर तूर विकताना अडचण येते.

हा प्रश्न एका तालुक्यापुरता का नाही?

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. हे प्रमाण सुमारे ५७ टक्के आहे. ते कमी करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियान मंजूर केले. तेलबियांखालचे क्षेत्र वाढवण्यासाठी त्यात आंतरपिकांवरही भर आहे. डीएपी आणि पालाशसाठीही देश मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे. त्यामुळे तेलबिया वाढवायच्या आणि खतही जपून वापरायचे, हा दुहेरी प्रश्न आहे.

काळ्या जमिनीत नीट व्यवस्थापनाने काय साधते, याचे एक उदाहरण इक्रिसॅटच्या पाणलोटातले आहे. तिथे १९७६ पासून एका बाजूला पारंपरिक पद्धत चालू ठेवली आहे. दुसऱ्या बाजूला रुंद वरंबा-सरी, सुधारित वाण, खत आणि तुरीसारख्या कडधान्याचे आंतरपीक अशी सुधारित पद्धत आहे. सुधारित बाजूला हेक्टरी सरासरी सुमारे ५ टन धान्य निघते, पारंपरिक बाजूला सुमारे १ टन. हा फरक एकट्या खताचा नाही. पाणी, वाण, जोडपीक आणि खत यांची सांगड घातल्याचा तो परिणाम आहे.

थोडक्यात

– सोयाबीन आणि तूर: दोन्ही शेंगावर्गीय. एकच मात्रा चालते, नत्र थोडा आणि स्फुरद जास्त.
– करडई आणि हरभरा, किंवा सूर्यफूल आणि भुईमूग: गरजा वेगळ्या. खत ओळीनुसार द्यावे.
– तेलबियांना गंधक हवेच. सुपर फॉस्फेटमधून ते आपोआप मिळते, डीएपीमधून मिळत नाही.
– फक्त शेणखताने नत्र भागू शकतो, स्फुरद भागणे अवघड. शेणखत आणि रासायनिक खत यांची जोड टिकाऊ ठरते.
– दोन पिकांसाठी जिवाणू खताची दोन वेगळी पाकिटे, आणि ती बुरशीनाशकानंतर.
– स्फुरद पेरून द्यावा, फेकू नये. माती परीक्षण उन्हाळ्यातच करावे.
– मागून उन्हाळ कांदा घ्यायचा असेल, तर लवकर येणारी तूर निवडावी.
– ई-पीक पाहणीत दोन्ही पिकांची नोंद करावी.